चिमणीचे दार

निलंगा हे लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव. कर्नाटकाची सीमा तेथून फार दूर नाही. जमीन काळी, उन्हाळा कडक आणि पावसाची वाट पाहण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. मृगाच्या सुमारास एखाद्या संध्याकाळी आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि धुळीचा लोट उठतो. अशा वेळी घरोघरी एकच धांदल उडते. वाळत घातलेले धान्य आत न्यायचे असते, गुरे गोठ्यात बांधायची असतात आणि अंगणात थापलेल्या गोवऱ्या गोळा करून आडोशाला रचायच्या असतात. गोवऱ्यांची घाई सर्वांत मोठी. एकदा पाण्यात सापडलेली गोवरी पुन्हा गोवरी राहत नाही. तिचा चिखल होतो. ही गोष्ट तिकडच्या चार वर्षांच्या मुलालाही कोणी शिकवावी लागत नाही.

रात्री पाऊस धरतो. दिवा जातो. मुले आजीभोवती गोळा होतात आणि गोष्ट सांग म्हणून तिच्यामागे लागतात. आजी कोणती गोष्ट सांगणार हे मुलांना ठाऊक असते. ती त्यांनी दहा वेळा ऐकलेली असते आणि अकराव्यांदा तीच हवी असते. ती गोष्ट म्हणजे काऊचिऊची.

एक होती चिमणी आणि एक होता कावळा. चिमणीचे घर होते मेणाचे, कावळ्याचे घर होते शेणाचे. एके दिवशी मोठा पाऊस आला. कावळ्याचे घर पार वाहून गेले. चिमणीचे घर मात्र जसेच्या तसे राहिले. कावळा भिजला, काकडला आणि चिमणीच्या दारी येऊन उभा राहिला. त्याने दार वाजवले. चिमणी आतूनच म्हणाली की, बाळाला न्हाऊ घालते आहे, जरा थांब. कावळा थांबला. पुन्हा दार वाजवले. आता बाळाचे अंग पुसायचे होते. मग अंगडे घालायचे होते, मग काजळ लावायचे होते, मग तीट लावायची होती, मग बाळाला पाळण्यात निजवायचे होते. बाहेर पाऊस पडत होता, कावळा दार वाजवत होता आणि आतले काम काही संपत नव्हते.

इतकीच गोष्ट. राजा नाही, राजकन्या नाही, राक्षस नाही, जादूची कांडी नाही. दोन पक्षी, दोन घरे, एक दार आणि पाऊस. एवढ्याशा सामग्रीवर उभी असलेली ही कथा महाराष्ट्रात घरोघरी कशी पोचली आणि इतकी वर्षे कशी टिकली, ह्याचा विचार करण्यासारखा आहे. बालपणी जी गोष्ट आपण ऐकतो ती पुढे आपण विसरतो असे नाही; पण तिच्याकडे पुन्हा वळून पाहण्याची फुरसत मात्र सहसा कोणी घेत नाही.

प्रथम तिच्या वयाविषयी. ही कथा आजीची आहे. आजीच्या आजीचीही आहे. पण तिचे मूळ त्याहूनही कितीतरी मागे जाते. तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळात म्हाइंभट नावाच्या एका विद्वान गृहस्थाने आपले गुरू श्रीचक्रधरस्वामी ह्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन, त्यांना विचारून, त्याने त्या लिहून काढल्या. हाच ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानतात तो हा. ह्या ग्रंथात कावळ्याचे शेणाचे घर आहे, मेणाचेही घर आहे आणि पाऊसही आहे. फरक इतकाच की, मेणाच्या घरात तेथे चिमणी राहत नाही, साळुंकी राहते. म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, त्याच्या आगेमागे ही बालकथा कागदावर उतरली होती. आणि कागदावर उतरली तेव्हा ती लोकांच्या तोंडी आधीपासून असली पाहिजे. निलंग्यात नीलकंठेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. तेही साधारणपणे त्याच जुन्या युगातील, ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो तशा धाटणीचे. ते मंदिर घडवायला पाथरवट लागले, दगड लागला, एखाद्या राजाचा अगर धनिकाचा आश्रय लागला. काऊचिऊच्या कथेला ह्यांपैकी काहीही लागले नाही. तिला लागली ती फक्त एक सांगणारी आणि एक ऐकणारा.

सीमेवरच्या गावात कथा सीमा पाळीत नाही. निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो मराठी मुलखाकडे आला. पुढे १९८२ मध्ये लातूर जिल्हा निराळा झाला, तेव्हा तो त्यात गेला. नकाशावरच्या रेषा अशा सरकत राहिल्या. माणसे आणि त्यांच्या भाषा होत्या तेथेच राहिल्या. आठवड्याच्या बाजारात मराठी, कानडी आणि उर्दू एकमेकींच्या शेजारी बसतात. कानडी घरांतही कावळ्याची आणि चिमणीची अशीच गोष्ट मुलांना सांगतात. तेथे ती दोघे ‘कागक्का’ आणि ‘गुब्बक्का’ आहेत, म्हणजे कावळाअक्का आणि चिमणीअक्का. कानडी कथेत दारी येणारी थोरली बहीणच झाली, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. परका कावळा दाराबाहेर उभा राहणे निराळे आणि अक्का उभी राहणे निराळे.

आता कथेच्या अंतरंगाकडे वळू. शेण आणि मेण ह्या दोन शब्दांचे यमक जुळते, म्हणून ही घरे अशी झाली, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. बालकाच्या कानाला यमक गोड लागते आणि कानाला गोड लागलेले चटकन पाठ होते. परंतु केवळ यमकासाठी हे दोन पदार्थ निवडलेले नाहीत. मेणाला पाणी चिकटत नाही. थेंब पडला की तो घरंगळून जातो. शेण सुकले की घट्ट होते खरे, पण पाण्यात पुन्हा विरघळते. दोन्ही पदार्थ घरातले. मेण मधाच्या पोळ्यातून मिळते. कुंकू लावताना आधी कपाळाला मेण लावण्याची चाल पूर्वी घरोघरी होती. शेण तर सारवणाला रोजच हवे. म्हणजे मुलाच्या हाताला ठाऊक असलेले दोन पदार्थ कथेने उचलले आणि त्यांच्यावर पाऊस पाडला. पुढे काय होणार हे मूल स्वतःच सांगू शकते. आजीने ‘मोठा पाऊस आला’ असे म्हणून थोडे थांबावे, की तीन-चार तोंडांतून कावळ्याच्या घराचा निकाल लागलाच म्हणून समजावे.

पण मूल तेवढ्यावर थांबत नाही. एखादी चौकस मुलगी विचारते, “आजी, मग उन्हाळ्यात काय होतं गं?” प्रश्न बिनतोड आहे. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअस उष्णतेला वितळते, परंतु त्याच्या पुष्कळ अगोदरच ते मऊ पडू लागते. वैशाखात मराठवाड्यात पारा चाळिसाच्या वर चढतो. अशा उन्हात मेणाच्या घराच्या भिंती खाली बसणार, छप्पर ओघळणार. आणि शेजारी शेणाचे घर उन्हात वाळून अधिकच टणक होणार! मग कोण कोणाच्या दारी जाईल? आजी ह्या प्रश्नाला बहुधा उत्तर देत नाही. “गप ऐक, पाऊस पडायलाय,” असे म्हणून ती कथा पुढे नेते. कथेला पावसाळाच हवा असतो. पण त्या मुलीने मारलेली मेख काही केल्या निघत नाही. चिमणीचे घर भले, कावळ्याचे वाईट, हा निवाडा ऋतूवर अवलंबून आहे, हे तिला कळून चुकलेले असते.

पक्ष्यांचे जीवन जाणणाऱ्या माणसाला तर ह्या कथेत पावलोपावली हरकत घेता येईल. कावळा शेणाचे घर करीत नाही. तो झाडाच्या उंच दुबेळक्यात काटक्यांचे घरटे रचतो. मिळाल्या तर त्यात तारांचे तुकडेही गुंफतो. चिमणी मेणाचे घर करीत नाही. गवत, दोरे, पिसे असले मऊसूत सामान ती जमवते आणि ते कोठे नेऊन ठेवते? माणसाच्या घरात! वळचणीला, भिंतीच्या भोकात, तुळईच्या सांध्यात, भिंतीवरच्या तसबिरीमागे. जुन्या मातीच्या घरांत अशा जागा पुष्कळ असत. न विचारता आत शिरावे, दिवसभर काड्या खाली पाडाव्यात आणि घरातल्या बाईने रोज त्या झाडून काढाव्यात, अशी ही पाहुणी. जी स्वतः दुसऱ्याच्या आसऱ्याला राहते, तिच्याच दारात कथेने आसरा मागणारा उभा केला आहे.

कावळ्याच्या बाबतीत तर आणखी मौज आहे. दारात कावळा ओरडला म्हणजे पाहुणा येणार, असे आपल्याकडे म्हणतात. सगळ्या गावाला पाहुण्याची वर्दी देणारा हा पक्षी; पण तो स्वतः पाहुणा म्हणून आला तेव्हा दार लवकर उघडले नाही. श्राद्धाच्या दिवशी मात्र त्याची मनधरणी होते. पानातला घास घेऊन माणसे त्याची वाट पाहतात. आणि ज्याला आपण धूर्त, चोर, काळा म्हणून हिणवतो, त्याच्या घरट्यात कोकिळा आपली अंडी घालते आणि तो ती पिले आपलीच समजून वाढवतो. कथेने कावळ्यावर अन्याय केला आहे का? थोडा केला आहे. बालकथा रंग पाहून माणसे, पशू, पक्षी ह्यांना चांगले-वाईट ठरवून मोकळ्या होतात. हा त्यांचा जुना दोष आहे आणि तो दोष म्हणूनच ओळखलेला बरा. तथापि जेवताना आई जेव्हा मुलाला भरवते, तेव्हा एक घास चिऊच्या नावाने असतो आणि दुसरा काऊच्या नावाने. तेथे दोघांचा मान सारखाच.

ह्या कथेत सर्वांत अधिक वेळ कशाला दिला आहे, हे पाहिले म्हणजे तिचा जीव कोठे आहे ते समजते. पाऊस एका वाक्यात येतो. घर एका वाक्यात वाहून जाते. पण चिमणीच्या बाळाची आंघोळ, अंग पुसणे, अंगडे, काजळ, तीट, पाळणा, ह्यांना मात्र एकेक वेगळी फेरी मिळते. ज्या मुलाला ही कथा सांगतात, त्याचे स्वतःचे त्याच दिवशी हेच सगळे झालेले असते. त्यालाही न्हाऊ घातलेले असते. पुसताना तो रडलेला असतो. काजळ लावताना त्याने मान फिरवलेली असते. आपल्याच घरातला दिवस चिमणीच्या घरात चाललेला पाहून त्याला अपार आनंद होतो. फेरीमागून फेरी येते. प्रत्येक वेळी तेच बोलणे, तोच ठोका, फक्त काम निराळे. मूल आजीच्या आधी बोलू लागते. पुढे काय येणार ते ठाऊक असणे आणि ते तसेच येणे, ह्यात लहान मुलाला मोठे सुख असते. मोठ्या माणसांना नवीन गोष्ट हवी असते. लहानांना जुनीच हवी असते, आणि तीही अक्षरही न बदलता. आजीने चुकून काजळाच्या आधी तीट लावली, तर तिला तेथल्या तेथे अडवले जाते.

आणि तरीही, सुखाच्या ह्या लयीत एक बोचणी आहे. प्रत्येक फेरीबरोबर बाळ अधिक नीटनेटके, अधिक उबदार होत जाते आणि प्रत्येक फेरीबरोबर कावळा अधिक भिजत जातो. आतले आणि बाहेरचे असे एकाच वेळी चालू राहते. मध्ये आहे ते दार.

दाराच्या कथा इतर देशांतही आहेत. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये आपल्या लोककथांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात लांडगा आणि बकरीची सात करडे ह्यांची कथा आहे. आई बाहेर गेलेली असते, लांडगा आपला पंजा पिठाने पांढरा करून येतो, करडे फसतात आणि दार उघडतात. इंग्रजी मुलांची आवडती तीन डुकरांची कथा जोसेफ जेकब्ज ह्यांच्या १८९० च्या संग्रहात आहे. तिच्यात घरे तीन आहेत: एक पेंढ्याचे, एक काटक्यांचे, एक विटांचे. लांडगा फुंकर मारून पहिली दोन पाडतो. विटांचे घर मात्र पडत नाही. आपल्या कथेचे आणि ह्या कथांचे नाते उघड आहे. घर कशाचे आहे हा प्रश्न त्यांच्याकडेही आहे आणि दार वाजवणाराही आहे. पण तेथे बाहेर लांडगा उभा आहे. लांडग्याला दार उघडू नये, ह्यात दुमत होण्याचे कारणच नाही.  आपल्या आजीने बाहेर लांडगा उभा केला नाही. तिने भिजलेला शेजारी उभा केला. म्हणून आपली कथा अधिक साधी दिसत असली, तरी तिच्यातला प्रश्न अधिक अवघड आहे. आत बाळ आहे, त्याला वाऱ्यापावसापासून जपले पाहिजे. चिमणीचे काम खोटे नाही. बाहेर कावळा आहे, त्याचे काकडणेही खोटे नाही. कावळा आत आला तर तो बाळाला काही करणार नाही कशावरून? आणि न आला तर त्याचे काय होईल?

हा प्रश्न सुटत नाही, म्हणूनच ह्या कथेचा शेवट घराघरात निराळा आहे. एका घरी चिमणी शेवटी दार उघडते, कावळ्याला चुलीजवळ ऊब घ्यायला बसवते; तेथे तो भाजतो आणि ओरडत उडून जातो. मुले हसतात. दुसऱ्या घरी तो धान्याच्या जागेत रात्र काढतो आणि रात्रभर कुडुम कुडुम हरभरे खातो. चिमणी विचारते तेव्हा काहीतरी थाप मारतो. येथे आसरा देणारीची फसवणूक होते. तिसऱ्या घरी दार उघडतच नाही. अलीकडच्या मुलांच्या पुस्तकांत चिमणी दार उघडते, कावळ्याला गरम गरम खाऊ देते आणि दोघे मित्र होतात, असाही शेवट आढळतो. तो वाचायला गोड आहे. परंतु त्यात चिमणीची कामे मध्येच गुंडाळली जातात आणि दारावरचा ठोका फार लवकर थांबतो. एवढ्या चटकन सुटणारी गोष्ट सातशे वर्षे कोणी सांगत बसले नसते. कोणता शेवट मूळचा, हा वाद येथे करण्याचे कारण नाही. सांगणारी आजी दारावर आलेल्या माणसांशी आयुष्यभर कशी वागली आणि माणसे तिच्याशी कशी वागली, ह्यावर पुष्कळदा तिच्या कथेचा शेवट ठरत असावा.

निलंग्याच्या परिसरात ह्या कथेला आणखी एक अर्थ येऊन चिकटला आहे. तो इतर ठिकाणच्या मुलांना सांगितल्याशिवाय कळणार नाही.

त्या भागातील जुनी घरे दगडाची. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद. दगड ओबडधोबड आणि ते जोडायला चुन्याऐवजी माती. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ह्याला धाबे किंवा माळवद म्हणतात. उन्हाळ्यात असे घर गार राहते. पावसाळ्यापूर्वी, गळती लागू नये म्हणून, त्यावर आणखी माती टाकतात. त्यामुळे छप्पर वर्षानुवर्षे जड होत जाते. असे घर म्हणजे कुळाची प्रतिष्ठा. ज्यांना ते जमत नसे, ते गावाच्या कडेला कुडाच्या भिंती आणि गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर करून राहत. पाऊस आला की गळणारी ती झोपडी, आणि वाऱ्यापावसाला न जुमानणारा तो दगडी वाडा. पक्के घर कोणाचे आणि कच्चे कोणाचे, ह्याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती.

१९९३ च्या सप्टेंबर महिन्याची २९ तारीख ही अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे उशिरा झोपली. ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. तो ६ हून अधिक रिश्टरचा होता. औसा, निलंगा, उमरगा ह्या तालुक्यांतील गावेच्या गावे काही सेकंदांत कोसळली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली. धरणी हलली तेव्हा मातीने जोडलेले दगड एकमेकांपासून सुटले आणि वरचे मणामणांचे धाबे खाली आले. पावसाला जे घर भ्याले नव्हते, तेच घर घात करून गेले. कुडाच्या आणि गवताच्या झोपड्या हलल्या, तिरप्या झाल्या. पण त्यांच्या छपरात माणसाला चिरडण्याइतके वजनच नव्हते. त्यांतली माणसे पुष्कळ ठिकाणी वाचली. शेणाचे घर राहिले आणि मेणाचे गेले, असेच म्हणावे लागेल.

पाठोपाठ पाऊसही आला. उघड्यावर पडलेल्या माणसांच्या डोक्यावर तो पडत राहिला आणि ढिगारे उपसण्याचे काम त्यातच चालू राहिले. ज्यांची घरे उभी होती, त्यांच्या दारांवर त्या दिवसांत थाप पडली. लातूर, निलंगा, उमरगा, सोलापूर आणि त्याही पलीकडून भाकऱ्या, कपडे, पांघरुणे घेऊन माणसे आली. दूरदूरच्या प्रांतांतूनही आली. पुढे ५२ गावे नव्या जागी, नव्या रचनेने वसवावी लागली. जाड दगडी भिंती आणि मातीचे धाबे ह्यांविषयी लोकांच्या मनात भीती बसली. कितीएक कुटुंबे, घर धड असूनही, बरेच दिवस अंगणात पत्र्याच्या निवाऱ्याखाली झोपत होती.

पुढे त्या पत्र्याच्या निवाऱ्यांत आणि नव्या घरांत पुन्हा मुले जन्मली, आणि पाऊस पडताना त्यांनीही गोष्ट मागितली. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत असताना शेणाच्या घराची गोष्ट सांगणे आजीला सोपे गेले नसेल. मोठा पाऊस आला, घर पार वाहून गेले, ही वाक्ये पूर्वी पुढे सरकण्यासाठी असत. आता त्या वाक्यांजवळ सांगणारीचा आवाज अडखळणार आणि मुलांना त्याचे कारण कळणार नाही. गोष्ट मात्र तीच. तिच्यात एक शब्दही नवा घालावा लागत नाही.

लहानपणी ही कथा ऐकताना आपण घराच्या आत असतो. न्हाऊन, काजळ लावून पाळण्यात निजणारे बाळ ते आपणच, असे आपल्याला वाटते. बाहेरच्या कावळ्याचे आपल्याला हसू येते. तो किती वेळा दार वाजवतो ते आपण बोटांवर मोजतो आणि आणखी एकदा वाजवावे असे आपल्याला वाटते. पुढे अकराव्या-बाराव्या वर्षी कधीतरी, धाकट्या भावंडाला निजवण्याचे काम आपल्याकडे येते. आई स्वयंपाकात असते, आजी आता लवकर झोपते. मग काऊचिऊची गोष्ट आपणच सांगू लागतो, आणि सांगता सांगता लक्षात येते की, आपण घराच्या आत उरलेलो नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना आपल्यालाच उभे राहावे लागते. चिमणीचे बोलणेही आपलेच आणि दारावरची थापही आपलीच.

निलंग्याच्या एखाद्या घरात आजही, पाऊस लागलेला असताना, एखादी ताई अशी बसलेली असेल. तिच्या मांडीवर डोके ठेवून पडलेला चार वर्षांचा भाऊ डोळे मिटायला तयार नसतो. बाळाचे न्हाणे झाले, पुसणे झाले, अंगडे झाले, काजळ झाले, तीट झाली. पाळण्याची दोरी हलू लागली. कावळ्याने पुन्हा दार वाजवले. ताई थांबली. आजी ह्या जागी काय सांगत असे ते तिला पक्के आठवते आहे. बाहेर पन्हाळीचे पाणी धो धो पडते आहे. भावाने डोके उचलले आणि विचारले, “ताई, मग?”